कार्डिॲक अरेस्टनंतर मेंदूला इजा – स्टेम सेल उपचारांचा कुणाला अनुभव आहे का? (ठाणे / नवी मुंबई)

अबोली_ऐरोली

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

माझा मोठा भाऊ, वय ४४. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवताना कोसळला. सिक्युरिटीतल्या एका मुलाने छाती दाबायला सुरुवात केली, ॲम्ब्युलन्समध्ये शॉक दिला आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत ठोके परत आले होते. अँजिओप्लास्टी झाली. हृदय आता व्यवस्थित चालतंय. पण मधल्या वेळात मेंदूला रक्त मिळालं नाही. डिस्चार्ज कार्डावर 'हायपॉक्सिक ब्रेन इंजुरी' असं लिहिलंय.

आता तीन महिने होत आले. दादा घरी आहे. गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिओस्टोमीची नळी, पोटात अन्न द्यायची नळी (पेग). डोळे उघडे असतात. हाक मारली की कधी पाहतोय असं वाटतं, कधी नजर आरपार जाते. अंगाला हात लावला, कूस बदलली की हातापायांना जोरात झटके येतात.

मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला, त्यावरून वहिनी एका स्टेम सेल सेंटरला जाऊन आली. दादाच्याच कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीतून सुई घालून मणक्याच्या पाण्यात सोडायच्या. अशी तीन आवर्तनं. खर्च इतका, की वहिनीचे दागिने पुरणार नाहीत. ती डोंबिवलीचा फ्लॅट काढायच्या तयारीत आहे. आई म्हणते, विका, माणसापेक्षा भिंती मोठ्या नाहीत. सेंटरवाले म्हणतात, जेवढा उशीर कराल तेवढा फायदा कमी.

शनिवारपर्यंत त्यांना कळवायचं आहे. मला वहिनीचा हात धरून तिला थांबवायचं नाही, पण काही न समजून घेता होही म्हणायचं नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी स्पष्ट लिहा. गोड लिहू नका.

---

रबाळे_रोड

अबोली, वाचून पोटात कालवलं. माहिती काही नाही माझ्याकडे, पण त्या सिक्युरिटीच्या मुलाला माझा नमस्कार सांग. मदत येईपर्यंत छाती दाबणारं कुणी नसलं तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, असं आमच्या कंपनीतल्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हे त्या पोराला येत होतं म्हणून तुझा दादा आज घरी आहे.

---

मासुंदा_काठ

मी भूलतज्ज्ञ आहे, ठाण्यात आयसीयूत काम करतो. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल भाकीत करणार नाही. स्टेम सेलबद्दल जे पक्कं माहीत आहे ते लिहितो. थोडं लांबेल.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. साठा काहीच नाही. रक्त थांबलं की दहा-वीस सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांनंतर पेशी कायमच्या जायला लागतात. सगळ्या भागांना सारखा फटका बसत नाही. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस, हालचालींवर ताबा ठेवणारे खोलवरचे भाग, लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी आणि मेंदूचं वरचं आवरण, हे आधी जातात. त्यात भर म्हणजे रक्तप्रवाह परत सुरू झाल्यावर पुढचे काही दिवस सूज आणि दाहाने आणखी पेशी मरतात.

पक्षाघातात गुठळीमुळे एक ठरावीक तुकडा जातो. इथे इजा सगळीकडे विखुरलेली असते. म्हणून 'गेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी' हे ऐकायला जितकं सरळ वाटतं तितकं ते नाही. कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी या मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या आणि आधार देणाऱ्या पेशी. त्या मेंदूत जाऊन चेतापेशी होतात आणि तुटलेल्या जोडण्या पुन्हा बांधतात, असं माणसात दिसलेलं नाही. शिरेतून दिल्या तर बहुतेक फुप्फुसांत अडकतात. संशोधक आज ज्या फायद्याची आशा धरतात तो वेगळा आहे : या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी दाह कमी होईल आणि तग धरून असलेल्या पेशी वाचतील. दाहाचा जोर असतो सुरुवातीच्या दिवसांत. तेव्हा 'आता उशीर करू नका' हे तीन महिन्यांनंतर सांगण्याला काय आधार आहे, ते त्यांना विचारा.

माणसांवरचे अभ्यास म्हणाल तर जवळचा आजार म्हणून पक्षाघाताकडे बघावं लागतं. आपल्या देशात एम्सच्या पुढाकाराने पाच केंद्रांत १२० रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना त्यांच्याच मज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, अर्ध्यांना नाही. २०१४ साली निष्कर्ष छापून आले : उपचार सुरक्षित ठरला, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. जपानमध्ये २०६ रुग्णांना पक्षाघातानंतर ३६ तासांच्या आत दात्याच्या पेशी दिल्या. २०२४ साली ती चाचणी प्रसिद्ध झाली. ज्या मुख्य कसोटीवर फायदा मोजायचा होता त्यावर तिथेही फरक दिसला नाही.

जपाननेच जुलै २०२४ मध्ये एका पेशी-उपचाराला सशर्त मान्यता दिली आहे आणि त्याचे व्हिडिओ फिरतात. पण तो डोक्याला मार लागून आलेल्या जुन्या लुळेपणासाठी आहे आणि पेशी शस्त्रक्रियेने थेट मेंदूत सोडतात. हृदय थांबून झालेल्या इजेसाठी ती मान्यता नाही.

कायद्याचं म्हणाल तर आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अगदी स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांत होणारं मज्जा-प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर प्रायोगिक आहे आणि तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत.

म्हणून शनिवारी एकच विचारा : 'तुमच्या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय?' सीटीआरआय म्हणजे देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही. २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे आणि ती कुणालाही संकेतस्थळावर बघता येते. नोंद सापडली तर कुठल्या आजारासाठी, किती वयाचे रुग्ण, इजेनंतर किती दिवसांत, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या भावाशी ते जुळतं का ते बघा. क्रमांक मिळाला नाही आणि पैसे मात्र मागितले, तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

---

घोडबंदर_०७

डॉक्टरसाहेब, तुमचं पुस्तकी ज्ञान मान्य. पण आमच्या सोसायटीतल्या एका बाईंचा मुलगा बुडता बुडता वाचला होता, असाच पडून होता. त्याला पेशी दिल्या आणि वर्षभरात तो घास गिळायला लागला, आईला ओळखतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय. गरिबाकडून उमेदही का काढून घ्यायची? सरकारी मान्यतेची वाट बघत बसलं तर माणूस संपेल.

---

मासुंदा_काठ

घोडबंदर, तुम्ही जे बघितलंत ते खरंच असणार, त्यावर माझा अजिबात अविश्वास नाही. मूल सुधारलं याचा आनंदच आहे. प्रश्न एवढाच की ते कशामुळे सुधारलं.

या विषयातली सगळ्यात गाजलेली केस जर्मनीतल्या बोखुम शहरातली. अडीच वर्षांच्या मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला जबर इजा झाली. २००९ च्या जानेवारीत त्याला त्याच्याच जन्माच्या वेळी साठवलेलं नाळेतलं रक्त दिलं. पुढे तो बोलू लागला, आधाराने चालू लागला. २०१३ साली ती केस छापून आली आणि जगभरच्या जाहिरातींत तिचा दाखला आला. पण ते एकच मूल. लहान मुलांचा मेंदू मोठ्यांपेक्षा जास्त सावरतो, आणि सोबत फिजिओथेरपीही चालूच होती. ते रक्त दिलं नसतं तर मूल कुठवर आलं असतं, हे एका मुलावरून सांगता येत नाही. म्हणून तर दोन गट करून चाचण्या घेतात. वर लिहिलेल्या एम्सच्या चाचणीत पेशी न मिळालेले रुग्णही सुधारले होते. फक्त पेशी मिळालेलेच बघितले असते तर सगळं श्रेय पेशींना गेलं असतं.

आणि 'करून बघायला काय जातंय' हा विचार धोक्याचा आहे. इस्रायलमधल्या एका मुलाला मॉस्कोत गर्भाच्या चेतापेशी टोचल्या होत्या, काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी निघाल्या. त्या गाठी दात्याच्या पेशींच्या होत्या, हे २००९ साली सिद्ध झालं. २०१६ साली एका अमेरिकन पक्षाघात-रुग्णाच्या मणक्यात अशीच परक्या पेशींची वाढ सापडली. तो तीन देशांत जाऊन पेशी घेऊन आला होता. स्वतःच्या मज्जेच्या पेशींत हा धोका पुष्कळ कमी, हे मान्य. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील (अँजिओप्लास्टी झाली आहे म्हणजे असणारच) तर कमरेत सुई घालण्याआधी त्या थांबवायचा विषय निघेल. रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी (स्टेंट) नवीन असताना त्या गोळ्या थांबवणं हृदयाला महागात पडू शकतं. अबोली, कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा.

---

कोपरीकर

अबोलीताई, आम्ही यातून गेलोय. माझे वडील. कोणतं सेंटर ते लिहीत नाही.

पहिल्या भेटीत जवळपास तासभर समजावून सांगितलं. फाइल बघितली, पण वडिलांना तपासलं पाच मिनिटं. सही करायला दिलेला कागद इंग्रजीत, त्यात 'कोणतीही हमी नाही' हे बारीक अक्षरात. आईने विचारलं, बोलतील का? तर उत्तर आलं, 'पॉझिटिव्ह राहा.' प्रत्येक आवर्तनाबरोबर दिवसाला चार-चार तास फिजिओ, स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी. तेवढे दिवस वडील खरंच जरा जागे वाटायचे. घरी आलो की पुन्हा तसेच.

आईला ते पेशींमुळे वाटायचं. मला आजही वाटतं, ते चार तास कुणीतरी त्यांना उठवून बसवत होतं, बोलत होतं, त्यामुळे होतं. दुसऱ्या आवर्तनानंतर ताप आला तेव्हा फोन उचलायला कुणी नव्हतं. पैसे भरायच्या आदल्या दिवशी मात्र तीन फोन आले होते.

तसे थेरपीचे तास नंतर आम्ही घरीच लावले, त्याच्या कितीतरी कमी पैशांत. वडील गेल्या वर्षी गेले. शेवटच्या काळात आई हात पुढे करायची आणि ते तिचा हात धरायचे.

---

सानपाडा_फिजिओ

कोपरीकर, तुमच्या आईला नमस्कार.

अबोली, मी न्यूरो-फिजिओथेरपिस्ट. तुझ्या पहिल्या पोस्टमधल्या दोन गोष्टींवर मी अडकले आहे.

पहिली : 'कधी पाहतोय असं वाटतं.' हे नीट तपासलंय का कुणी? डोळे उघडे पण भान नाही, आणि थोडं थोडं भान आहे, या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि नुसत्या नजरेने बघून त्यांत गल्लत होते. २००९ सालच्या एका अभ्यासात, भान नाही असं ठरवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पद्धतशीर तपासणीत भान असल्याचं दिसलं. त्या तपासणीला सीआरएस-आर म्हणतात. तिच्यातली एक पायरी घरी करून बघता येते. दादाला टेकवून बसव. खोली शांत, टीव्ही बंद. एक हातातला आरसा त्याच्या चेहऱ्यापासून चार-सहा इंचांवर धर, म्हणजे त्याला स्वतःचा चेहरा दिसेल. मग आरसा सावकाश डावीकडे, मग उजवीकडे, वर, खाली. डोळे आरशामागे जातात का ते बघ. बोट किंवा पेन धरून जे दिसत नाही ते आरशाने दिसतं, कारण स्वतःचा चेहरा नजर जास्त खेचतो. एकदाच करून निष्कर्ष काढू नकोस. सकाळी, दुपारी, अंघोळ झाल्यावर, वेगवेगळ्या दिवशी. आम्ही पूर्ण तपासणीसुद्धा दोन आठवड्यांत किमान पाच वेळा करतो. मोबाइलवर चित्रण ठेव, न्यूरोलॉजिस्टना दाखवायला.

दुसरी : स्पर्श केल्यावर, कूस बदलल्यावर येणारे झटके. हृदय थांबून परत सुरू झालेल्या रुग्णांत काही आठवड्यांनी असे झटके सुरू होतात. लान्स आणि ॲडम्स या दोघांनी १९६३ साली या झटक्यांचं वर्णन केलं, त्या दोघांच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. त्यावर औषधं आहेत. तुझ्या दादाला तेच आहे असं मी म्हणत नाही, फिट्सही असू शकतात, ईईजीशिवाय (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) कळणार नाही. पण ते झटके आटोक्यात आले तर बसवणं, उभं करणं, हात वापरायला लावणं सगळंच सोपं होतं. डिस्चार्जनंतर न्यूरोलॉजिस्टकडे पुन्हा नेलं होतं का?

---

मासुंदा_काठ

फिजिओताईंना +१. झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट, क्लोनाझेपाम ही नेहमीची औषधं. क्लोनाझेपामने गुंगीही येते, म्हणून मात्रा जपून ठरवावी लागते. चालू असलेल्या गोळ्यांपैकी कुठली त्यांना झोपाळू ठेवतेय का, हेही त्याच भेटीत विचारा. स्नायू सैल करायची बॅक्लोफेन असेल तर तीसुद्धा. भान जागवायला अमँटाडिन देतात. त्याचा मोठा अभ्यास २०१२ चा, १८४ रुग्णांचा, पण ते सगळे डोक्याला मार लागलेले होते. तुमच्या भावासारख्यांत त्याचा पुरावा कमकुवत आहे आणि झटके असताना ते देणं जोखमीचंही ठरू शकतं. हा निर्णय न्यूरोलॉजिस्टचाच.

---

खारघर_ताई

मधेच विचारते. आमच्या नातीचं नाळेतलं रक्त खासगी बँकेत साठवलंय. अबोलीच्या घरात कुणाचं असेल तर ते दादाला चालेल का? आमच्या खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये स्टेम सेलच देतात ना रक्ताच्या कॅन्सरला?

---

मासुंदा_काठ

ताई, ॲक्ट्रेकमध्ये होतं ते मज्जा-प्रत्यारोपण. रक्ताच्या आजारात त्याच पेशींना नवं रक्त तयार करायचं असतं, जे त्यांचं रोजचंच काम आहे. म्हणून तो उपचार सिद्ध झालेला आहे. मेंदूच्या इजेत त्यांच्याकडून भलतंच काम मागितलं जातं. नातीचं रक्त दादांना द्यायला आज कोणताही मान्य आधार नाही.

हाच फरक मेडिक्लेममध्येही आहे. विमा नियामक आयआरडीएआयने ज्या आधुनिक उपचारांना विमा द्यायला सांगितलं त्या यादीत 'स्टेम सेल' आहे, पण ते रक्ताच्या आजारांतल्या मज्जा-प्रत्यारोपणापुरतंच. सेंटरवाला म्हणाला की 'बिल करून देतो, क्लेम होईल', तर आधी विमा कंपनीकडून लेखी घ्या.

---

चरई_वकील

वैद्यकीय काही कळत नाही, पण फ्लॅटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. डोंबिवलीचा फ्लॅट दादांच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असेल तर वहिनींना तो आपल्या सहीने विकता येणार नाही. पत्नी आहे म्हणून ती आपोआप पालक होत नाही. भान हरपलेल्या सज्ञान व्यक्तीचा पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करावा लागतो. न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवतं आणि मगच अधिकार देतं. कुणी एजंट 'पॉवर ऑफ ॲटर्नीवर अंगठा घेऊ' म्हणाला तर त्याला उंबरठाही ओलांडू देऊ नका. भान नसलेल्या माणसाचा अंगठा पुढे सगळ्यांना कोर्टात उभं करतो.

दादांच्या बँक खात्यासाठी, पीएफसाठीही हा पालकत्वाचा आदेश लागेल. उपचार कुठलेही ठरवा, ते काम आत्ताच सुरू करा.

---

अबोली_ऐरोली

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. रात्री वहिनीला आणि आईला जवळ बसवून सगळा धागा वाचून दाखवला. कोपरीकरांची पोस्ट वाचताना वहिनी उठून आत गेली. परत आली आणि म्हणाली, तो क्रमांक मी स्वतः विचारते, तू नको बोलूस.

आज आम्ही दोघी गेलो. वहिनीने विचारलं, सीटीआरआयची नोंद कोणती? समोरच्याने आधी एक परदेशी लेख पुढे केला. तिने पुन्हा विचारलं. मग म्हणाले, ही चाचणी नाही, हा उपचार आहे, त्यामुळे नोंद लागत नाही. तिने रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं विचारलं, तर 'आठवडाभर बंद ठेवू' म्हणाले. कार्डिओलॉजिस्टशी बोललात का? नाही. वहिनीने फाइल उचलली आणि आम्ही निघालो. सीवूड्स स्टेशनपर्यंत दोघींत एक शब्द नाही. गाडीत बसल्यावर ती रडली.

आई अजून म्हणते, एकदा तरी करून बघायला हवं होतं. तिला मी काय सांगू?

आणि हो, आरसा. काल संध्याकाळी काहीच नाही. आज सकाळी अंघोळीनंतर उजवीकडे नेला तेव्हा डोळे गेले, दोनदा. डावीकडे नाही. व्हिडिओ ठेवलाय. गुरुवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली आहे, ईईजी त्याच दिवशी.

---

कोपरीकर

आईला काही सांगू नका. त्यांच्या हातात आरसा द्या. सकाळची वेळ त्यांचीच ठेवा.

---

सानपाडा_फिजिओ

उजवीकडे गेले आणि डावीकडे नाही, हे गुरुवारी आवर्जून सांग. डावीकडची नजरच कमी असू शकते, म्हणून बोलताना उजव्या बाजूला उभी राहा.

खर्चाचं बघताना : हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९५५ पासूनची. खुर्ची, हातापायांना आधाराच्या पट्ट्या (स्प्लिंट), बसवण्याची पद्धत यासाठी एकदा तरी दाखवून घे. रोज नेण्याची गरज नाही, तिथून कार्यक्रम लिहून आणायचा आणि घरी जवळच्या फिजिओकडून करून घ्यायचा. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं रात्रीही चुकवू नका. वहिनी एकटी करत असेल तर पाळ्या लावा, तिची झोप गेली तर सगळंच कोसळेल.

ऐरोलीत माझी एक ज्युनिअर घरी जाऊन थेरपी देते, तिला विचारून व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.

---

अबोली_ऐरोली

व्यनि मिळाला, ताई. ती शुक्रवारी येते म्हणाली. मागे टेकता येणारी, डोक्याला आधार असलेली व्हीलचेअर ठाणे-ऐरोली भागात भाड्याने कुठे मिळते? विकत घेण्याआधी दादाला त्यात बसता येतं का ते बघायचं आहे. आमची लिफ्ट अरुंद आहे, रुंदी मोजून ठेवली आहे.

---

रबाळे_रोड

तुमच्या लिफ्टची रुंदी मला पाठव. आमच्या बिल्डिंगमध्ये एका काकांकडे तशी खुर्ची पडून आहे, ते भाडं घेणार नाहीत. रविवारी टेम्पोत टाकून आणतो.